उन्हापावसातले सागवान

जालना जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे. त्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांतील काठच्या गावांना नावेची ओळख आहे. नदीवर पूल होण्यापूर्वी पावसाळ्यात पलीकडे जावयाचे असेल, तर भोयांच्या नावेवाचून दुसरा मार्ग नसे. परंतु शिडांची गलबते, त्यांच्या उंच डोलकाठ्या आणि चकचकीत सागवानी कठडे या मुलखातील मुलांना बहुधा चित्रांतच पाहावयास मिळतात. असे असले, तरी त्या कठड्याचा एक सख्खा भाऊ जालना, अंबड, भोकरदन यांसारख्या जुन्या गावांतून अजूनही उभा आहे. जुन्या वाड्याचे सागवानी दार हाच तो भाऊ. दोघांचे लाकूड एक, दोघांचे शत्रू एक आणि दोघांची निगाही जवळजवळ एकाच रीतीने करावी लागते.

असे एखादे दार नीट निरखून पाहिले, तर एक मोठी चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. वरचा भाग, जेथे छपराच्या वळचणीची सावली पडते, तेथे लाकूड अजून तपकिरी आणि गुळगुळीत असते. गणेशपट्टीवरील नक्षीची टोके शाबूत असतात. त्याखाली, जेथे दुपारचे ऊन सरळ पडते, तेथे दार करडे व खरबरीत झालेले असते. बोट फिरवले, तर रेषा बोटाला लागतात. आणि अगदी तळाशी, उंबरठ्यापासून वीतभर उंचीपर्यंत, लाकूड काळे पडलेले, भुसभुशीत झालेले आढळते. कित्येकदा तेथे बोटाने दाबले, तर चुरा हाती येतो. दार एक, लाकूड एक, वयही एकच. मग एकाच अंगावर या तीन अवस्था कशा आल्या?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर प्रथम सागाकडे वळले पाहिजे. संस्कृतात या झाडाला ‘शाक’ म्हणत. त्यापासून आपला ‘साग’ झाला. शास्त्रज्ञांनी 1782 साली त्याला ‘टेक्टोना’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत सुताराला जो शब्द आहे, त्याच्याशी या नावाचे नाते जोडले जाते आणि ते शोभतेही, कारण सुताराला इतके प्रिय असे दुसरे लाकूड क्वचितच असेल. सागाचे खोड आडवे कापले असता त्यात दोन भाग स्पष्ट दिसतात. सालीलगतचा फिकट, पांढुरका भाग म्हणजे रसकाष्ठ. झाड जिवंत असताना मुळांनी शोषलेले पाणी याच भागातून वर चढते. आतील सोनेरी-तपकिरी भाग म्हणजे मध्यकाष्ठ. हा भाग पाणी वाहून नेण्याचे काम सोडून देतो आणि त्याच्या पेशींत झाड एक प्रकारचे तेलकट, डिंकासारखे द्रव्य साठवून ठेवते. ताज्या तासलेल्या सागवानाला जो चामड्यासारखा वास येतो व हाताला जो किंचित तेलकट स्पर्श होतो, तो याच द्रव्यामुळे. वाळवीला व बुरशीला हे द्रव्य मानवत नाही. रसकाष्ठात ते नसते. म्हणून चांगला सुतार दाराला किंवा नावेला पांढरे लाकूड लावत नाही. लावलेच, तर वाळवी प्रथम नेमके तेच शोधून काढते.

सागाचा दुसरा गुण असा की, तो फार आकसत वा फुगत नाही. ओले सागवान पूर्ण सुकेपर्यंत वलयांच्या दिशेने शेकडा 5 ते 6 आणि गाभ्याकडून सालीकडे शेकडा अडीचच्या आसपास आकसते. लांबीत तर ते जवळजवळ बदलतच नाही. इतर अनेक लाकडे याच्या दीडपट-दुप्पट आकसतात. तिसरा गुण लोखंडाशी जुळवून घेण्याचा. युरोपातील ओक वृक्षाच्या लाकडात एक आम्ल असते. ते लोखंडी खिळ्यांना खाऊन टाकते. सागाचे तेल उलट खिळ्याचे रक्षण करते. वाड्यांच्या व गढ्यांच्या दारांवर ठोकलेले मोठमोठे खिळे शेदोनशे वर्षांनंतरही घट्ट बसलेले दिसतात, त्याचे श्रेय लोहाराइतकेच सागालाही दिले पाहिजे.

ऊनपाऊस न लागता सागवान किती काळ टिकते, हे पाहावयाचे असेल, तर पुणे जिल्ह्यातील कार्ले येथील लेण्यात जावे. तेथील चैत्यगृहाच्या दगडी छताला लाकडी कमानी बसवलेल्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कमानी आजही जागच्या जागी आहेत. डोंगराच्या पोटात त्यांना ना ऊन लागले, ना पावसाची सर. यावरून एवढे निश्चित होते की, सागवान वयाने मरत नाही. त्याला उघड्यावर ठेवले म्हणजेच त्याची खरी परीक्षा सुरू होते, आणि जहाजाइतके उघड्यावरचे जिणे दुसऱ्या कोणत्या लाकडाच्या वाट्याला येणार?

जहाजासाठी सागाची थोरवी आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होती. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचे प्राचीन बंदर होते. 1994 पासून तेथे उत्खनन होत आले आहे आणि त्यात भारतीय सागाच्या तुळया सापडल्या आहेत. जुन्या जहाजांची मोडतोड करून निघालेले लाकूड तेथील लोकांनी घरबांधणीत वापरले असावे, असे संशोधक मानतात. त्या काळी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून रोमी साम्राज्याशी मोठा व्यापार चाले. जालना जिल्ह्यातील भोकरदन हे त्या काळचे भोगवर्धन. 1973 साली तेथे झालेल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली आणि तिचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी विलक्षण साम्य आढळले. समुद्र न पाहिलेल्या गावाचा सातासमुद्रांशी असा संबंध असू शकतो.

पुढे मराठ्यांच्या आरमाराला सागाची गरज पडली, तेव्हा हे लाकूड किती जपून वापरावे याचा विचारही झाला. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी रचलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे लाकूड राज्यातील अरण्यांतून परवानगीने आणावे, आंबा-फणसासारखी झाडे मात्र तोडू नयेत, कारण ती वाढण्यास वर्षानुवर्षे लागतात व रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, अशा आशयाची सूचना आहे. याच शतकात मुंबईत जहाजबांधणीचा मोठा कारखाना उभा राहिला. सुरतेचे कुशल कारागीर लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली मुंबईस आले. 1750 साली तेथे सुकी गोदी तयार झाली. या गोदीत जहाज आत घेऊन पाणी काढून टाकता येई व तळाची दुरुस्ती कोरड्यावर करता येई. वाडिया घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तेथे सागवानी जहाजे बांधली. त्यांतील ‘कॉर्नवॉलिस’ 1813 साली पाण्यात उतरले व त्याच्यावरच 1842 साली इंग्रज आणि चीन यांच्यात नानकिंगचा तह झाला. 1817 साली जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज तयार झाले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. त्याच्या समकालीन ओकच्या जहाजांपैकी बहुतेक केव्हाच कुजून गेली किंवा मोडीत निघाली.

अर्थात साग अक्षय नव्हता. जहाजांसाठी मलबारची अरण्ये इतकी तुटली की, 1840 नंतरच्या दशकात कलेक्टर कॉनली यांना केरळातील निलांबूर येथे सागाची मुद्दाम लागवड करावी लागली. चातू मेनन या अधिकाऱ्याने बी रुजवण्याची युक्ती मोठ्या खटपटीने शोधून काढली. चांगल्या लाकडासाठी साग 60 ते 80 वर्षे वाढू द्यावा लागतो. म्हणजे लावणाराला त्याचे लाकूड पाहावयास मिळत नाही. जालना जिल्ह्यात तर वने फारच थोडी आहेत. आज एखाद्या जुन्या दाराचा तळ कुजला, तर तितक्या रुंद व तितक्या जुन्या फळ्या आणावयाच्या कोठून, हा प्रश्न सुताराला खरोखरच पडतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उन्हात दार करडे का होते? लाकूड हे दोन मुख्य द्रव्यांचे बनलेले असते. एक सेल्युलोज, हे पांढरट तंतूंच्या रूपात असते. दुसरे लिग्निन, हे तपकिरी असून तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवते. विटा व चुना यांच्या भिंतीशी त्यांची तुलना करता येईल. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे असे जंबुपार किरण असतात. ते लिग्निनाचे विघटन करतात. लाकडातील तेलकट द्रव्यही पृष्ठभागावरून हळूहळू निघून जाते. मग पावसाची सर आली की, हे विघटित लिग्निन पाण्याबरोबर वाहून जाते व मागे राहतात ते नुसते करडे-पांढरे तंतू. भिंतीतील चुना धुऊन गेला की विटा सुट्या होतात, तसेच हे तंतू सुटे होऊन झिजू लागतात. वर्षाच्या वलयांतील मऊ भाग आधी झिजतो, कठीण भाग मागे राहतो. म्हणून हाताला रेषा लागतात. हा करडा थर मात्र अतिशय पातळ असतो. रंध्याचा एक हलका हात फिरवला, तर खाली तेच सोनेरी लाकूड निघते. म्हणजे ऊन सागवानाचे रूप घालवते, पण त्याला लवकर मारत नाही.

मारते ते पाणी. आणि तेही वरून पडणारे नव्हे, तर तळातून चढणारे. लाकडात झाडाच्या लांबीला समांतर अशा असंख्य बारीक नळ्या असतात. फळीच्या रुंद अंगावर पडलेले पाणी या नळ्यांना आडवे येते व सहज आत शिरत नाही. पण फळीच्या टोकाला याच नळ्यांची तोंडे उघडी असतात. त्या दिशेने पाणी कितीतरी पटींनी अधिक वेगाने आत ओढले जाते. दाराच्या उभ्या फळ्यांची टोके नेमकी खाली, उंबरठ्यापाशी असतात. तेथे पावसाचे पाणी साचते, सडा पडतो, धूळ व पालापाचोळा अडकून ओल धरतो. लाकडात ओलाव्याचे प्रमाण शेकडा 20 च्या वर बराच काळ राहिले की, बुरशी कामाला लागते. सागाचे तेल तिला पुष्कळ काळ दूर ठेवते; परंतु दरवर्षी पाणी शोषून व सुकून त्या टोकांतील तेल विरत जाते. म्हणून तळ कुजतो. नावेच्या बाबतीतही हेच घडते. कठड्याचा मधला सरळ भाग उन्हाने करडा होऊनही टिकतो आणि जेथे दोन तुकडे टोकाला टोक लावून जोडलेले असतात, त्या सांध्यांपाशी पहिला काळा डाग उमटतो.

या दोन शत्रूंपासून लाकूड वाचवावे कसे, याविषयी नावाड्यांत व कारागिरांत पूर्वापार मतभेद आहेत. काही म्हणतात, सागाला काहीच लावू नये. करडा तर करडा. तो रूपेरी रंगही वाईट दिसत नाही. जहाजांच्या सागवानी डेकवर पूर्वी व्हार्निश लावीत नसत. रोज सकाळी समुद्राच्या पाण्याने ते धूत. खाऱ्या पाण्याने बुरशी वाढत नसे आणि फळ्या किंचित फुगून त्यांचे सांधे घट्ट राहत. या मतात तथ्य आहे. तथापि, जहाज सदा पाण्यात असते. जालन्याच्या दाराला पावसाळ्याचे चार महिने ओल आणि मेमध्ये 40 अंशांच्या वरचे कोरडे ऊन, अशी टोकाची दोन हवामाने सोसावी लागतात. या ओढाताणीत उघडे लाकूड बारीक बारीक तडकते आणि तडांतून पाणी आत शिरते.

दुसरा पक्ष तेलाचा. कोकणात होड्यांना उंडीचे तेल किंवा माशांचे तेल लावण्याची चाल आहे. मराठवाड्यात जवस पिकतो व जवसाचे तेल या कामाला फार जुन्या काळापासून वापरतात. त्याचा विशेष असा की, ते पाण्यासारखे उडून जाऊन सुकत नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते स्वतःच घट्ट होते. तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल असे घट्ट होत नाही. ते दाराला लावले, तर दार वर्षभर चिकट राहील व धूळ पकडील. जवसाचे तेल लाकडाच्या आत मुरते, नळ्यांची तोंडे बंद करते आणि पृष्ठभागावर जाड थर करीत नाही. त्यामुळे त्याला सोलवटण्याची भीती नसते. दोष दोन: ते काळानुसार गडद होत जाते आणि दमट हवेत त्याच्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. कोकणात हा दोष मोठा आहे. जालन्याच्या कोरड्या हवेत तो बराच सौम्य ठरतो.

तिसरा पक्ष व्हार्निशचा. तेल आणि राळ एकत्र शिजवून केलेल्या या द्रवाचा लाकडावर पारदर्शक पापुद्रा बसतो. नौकांवर लावण्याच्या व्हार्निशमध्ये जंबुपार किरण अडवणारी द्रव्येही मिसळलेली असतात. पाच-सहा हात दिलेला व्हार्निशचा कठडा उन्हात मधासारखा झळकतो. सौंदर्यात त्याची बरोबरी कोणी करू शकत नाही. परंतु व्हार्निश फार मानी असते. त्याची सेवा वेळेवर झाली, तरच ते टिकते. सागाच्या अंगच्या तेलामुळे त्याची पकड आधीच कच्ची असते. कोठे ओरखडा पडला किंवा सांध्यापाशी तडा गेला की, तेथून पाणी पापुद्र्याखाली शिरते. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. मग खाली लाकूड काळे पडते, वर पापुद्रे उचलले जातात आणि सगळे खरवडून पहिल्यापासून काम करावे लागते. म्हणून जाणते नावाडी व्हार्निश खराब होण्याची वाट पाहत नाहीत. त्याचे तेज किंचित उतरले की, हलक्या हाताने घासून वर एक-दोन नवे हात देतात. ज्या घरात दरवर्षी कोणी हे करणार असेल, त्यांनीच बाहेरच्या दाराला व्हार्निश लावावे. इतरांनी तेलावर संतोष मानणे शहाणपणाचे.

कामाला ऋतू पाहावा लागतो. पावसाळ्यात लाकूड ओल धरून असते. त्यावर लावलेला लेप ओल आतच कोंडतो. ऐन उन्हाळ्यात लाकूड तापलेले असते. व्हार्निश पसरण्याआधीच सुकू लागते व त्यात बुडबुडे उठतात. जालना जिल्ह्यात पाऊस गेल्यावर महिना-दीड महिना जाऊ द्यावा. दिवाळीनंतरचे दिवस या कामाला उत्तम. सकाळचे दव उडून गेल्यावर आरंभ करावा आणि दारावर थेट ऊन येण्यापूर्वी थांबावे.

प्रथम स्वच्छता. धूळ झाडून दार साध्या पाण्याने व मऊ ब्रशाने धुवावे. ब्रश रेषांच्या दिशेने न फिरवता रेषांना आडवा फिरवावा. रेषांच्या दिशेने घासले, तर ब्रशाचे केस मऊ वलयांत शिरतात व तेथले तंतू उपटून काढतात. जहाजांवरील सागवानी डेक उन्हापावसापेक्षा खलाशांच्या जोरकस घासण्यानेच अधिक झिजतात, असे जुने कारागीर सांगतात. धुतलेले दार तीन-चार दिवस पूर्ण सुकू द्यावे. त्यानंतर बारीक काचकागद रेषांच्या दिशेने हलकेच फिरवावा. करडा थर निघेपर्यंत, तितकाच. नक्षीवर काचकागद मुळीच लावू नये. सागाच्या भुशाने काहींच्या नाकाला व त्वचेला त्रास होतो. म्हणून तोंडानाकावर फडके बांधावे.

मग जवसाचे उकळलेले तेल घ्यावे. पहिल्या हातासाठी त्यात तितकेच टर्पेंटाइन मिसळावे. पातळ झालेले तेल खोलवर जाते. फडक्याने ते सर्वत्र लावावे आणि पाव तासाने, जेवढे लाकडाने प्यायले नसेल तेवढे कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. या पुसण्यातच बहुतेक लोक हयगय करतात व मग दार चिकट झाल्याची तक्रार करतात. दोन दिवसांनी दुसरा हात, पुन्हा दोन दिवसांनी तिसरा. दाराची खालची टोके मात्र तेल पिणे थांबवीपर्यंत पाजावीत. शक्य असेल तर दार बिजागऱ्यांवरून उतरवून टोके वर करावीत. कुशल सुतार नवे दार बसवण्यापूर्वीच हे करून घेतो, कारण एकदा दार चौकटीत गेले की, त्याचा तळ कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

व्हार्निशच लावावयाचे असेल, तर तेल लावू नये. थिनरने भिजवलेल्या फडक्याने लाकूड आधी पुसून घ्यावे, म्हणजे पृष्ठभागावरचे सागाचे तेल निघून जाते व व्हार्निशला पकड मिळते. पुसल्यावर फार वेळ न घालवता पहिला हात पातळ करून द्यावा. पुढील प्रत्येक हातापूर्वी आधीचा हात सुकून कडक झाला आहे ना, हे पाहावे व बारीक काचकागदाने त्याची चमक घालवून धूळ पुसावी.

येथे एका धोक्याची सूचना देणे अत्यंत आवश्यक आहे. जवसाचे तेल प्राणवायू शोषते, तेव्हा उष्णता बाहेर पडते. दारावर पसरलेल्या तेलातील ती उष्णता हवेत निघून जाते. परंतु तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर उष्णता आतल्या आत साठत जाते आणि काही तासांनी, कोणी काडी न लावता, चिंध्या आपोआप पेट घेतात. सुतारांच्या कार्यशाळा अशा रीतीने जळाल्या आहेत. म्हणून काम संपताच चिंध्या पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवाव्यात, किंवा अंगणात एकेक सुटी पसरून पूर्ण वाळू द्याव्यात. मुलांनी हे काम घरातील मोठ्या माणसांच्या सोबतीनेच करावे. टर्पेंटाइन व थिनर हेही ज्वालाग्राही असतात. जवळ चूल, विडी किंवा दिवा नसावा.

पुढचा हात केव्हा द्यावा, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. दाराच्या उन्हाकडील अंगावर पाण्याचे दोन थेंब सोडावेत. ते मोत्यासारखे उभे राहिले, तर तेल अजून शाबूत आहे. ते पसरून आत मुरले व तेथे लाकूड गडद दिसू लागले, तर तेलाची वेळ झाली असे समजावे. एकाच दारावर वरच्या भागात थेंब उभे राहतात आणि खाली मुरतात, असेही आढळेल. तेव्हा फक्त खालच्या भागालाच तेल द्यावे. वरच्या भागाला वर्षानुवर्षे काही लागत नाही.

जुनी दारे निष्काळजीपणाने जितकी बिघडतात, त्याहून अधिक ती अतिउत्साहाने बिघडतात. घरात लग्नकार्य निघाले की, रंगाऱ्याला बोलावून दाराला चकचकीत तैलरंग फासला जातो. खरे सांगावयाचे, तर अपारदर्शक रंग ऊन पूर्णपणे अडवतो व त्या दृष्टीने तो व्हार्निशपेक्षाही चांगला रक्षक आहे. मासेमारीच्या होड्या रंगवलेल्या असतात, ते योग्यच आहे. पण कोरीव दारावर दर पाच वर्षांनी एक थर चढत गेला, तर नक्षी बुजते, गणेशपट्टीवरील गणपतीचे डोळेही दिसेनासे होतात. पुढे कोणाला हे रंग काढावेसे वाटले, म्हणजे कॉस्टिक सोडा येतो. तो रंगाबरोबर लाकडातील लिग्निनही विरघळवतो; दार स्वच्छ होते, परंतु काळवंडते व त्याचे तंतू सुटतात. विजेच्या घासणयंत्राने तर एका दुपारी कोरीव काम सपाट होऊ शकते. रंग काढणे भागच असेल, तर अनुभवी कारागिराकडून, बोथट हत्याराने, सावकाश काढवून घ्यावा. एका दाराला आठ दिवस लागले, तर ते अधिक नव्हेत.

अलीकडे जुने वाडे पाडले जात आहेत. दारे, खांब व तुळया व्यापारी विकत घेऊन जातात. कोणाची दारे दूरच्या शहरांतील उपाहारगृहांत लागतात, तर कोणाची चिरून मेजे होतात. विकत घेणारा प्रथम वाकून दाराचा तळ पाहतो. तळ शाबूत असेल, तर किंमत एक आणि कुजलेला असेल, तर दुसरीच. तळाशी वीतभर कुजलेले दारही टाकाऊ नसते. कुजका भाग सरळ रेषेत कापून तेथे तशाच जुन्या सागाचा तुकडा खाच पाडून जोडता येतो. हार्टलपूल येथे 1990 ते 2001 या काळात ‘त्रिंकोमाली’ची दुरुस्ती झाली, तेव्हाही हेच धोरण होते: जेवढे कुजले तेवढेच काढावयाचे व बाकीचे मुंबईचे सागवान जागच्या जागी ठेवावयाचे. जोड देताना एक काळजी घ्यावी. जोडाचा वरचा काठ बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा, म्हणजे सांध्यावर पाणी उभे राहत नाही.

राहता राहिला उंबरठा. त्याला व्हार्निश लावण्यात अर्थ नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी ते आठवड्यात निघून जाईल. त्याला तेलच द्यावे, आणि दोन्ही टोके जेथे भिंतीत शिरतात, तेथील माती व कचरा पावसाळ्यापूर्वी कोरून काढावा. सण असला म्हणजे उंबरठा धुतला जातो. धुतल्यावर तो कोरड्या फडक्याने पुसावा. कडी-कोयंड्याला व बिजागऱ्यांना वर्षातून एकदा तेलाचे चार थेंब पुरतात. ते जवसाचे मात्र नसावे; घट्ट होऊन ते कडी अडवील.